दारातली हाळी

"रामप्रसाद कू बुलाव रे," मुकादम नईमभाई म्हणाले. "ये नवे लोगां टांग तोडेंगे एखाद की."

कत्तलखान्याच्या लोखंडी दारासमोर अडतीस मेंढरं अडून उभी होती. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मेंढरं आदल्या दिवशी आली होती. नियमाप्रमाणे दिवसभर निवाऱ्यात थांबली होती, त्यांना चारापाणी मिळालं होतं, डॉक्टरांनी एकेक तपासून तसं लिहून दिलं होतं. आता फक्त बारा पावलं उरली होती आणि ती चालायला मेंढरं तयार नव्हती. दारातली फरशी ओली होती. आतून वास येत होता. दोन मजूर पुढच्या मेंढीला पायाला धरून ओढत होते आणि बाकीची कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढत होती.

रामप्रसाद हौदावर पाणी भरत होता. त्याने बादली खाली ठेवली आणि हात पँटला पुसले.

"सोडा तिला," तो मजुरांना म्हणाला. "मागं व्हा. अजून मागं."

तो मेंढरांच्या पाठीमागे गेला नाही. भिंतीच्या कडेने पुढे गेला, दाराच्या आत जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला, गुडघ्यात किंचित वाकला आणि जीभ टाळूला लावून त्याने हाळी दिली. आधी 'हिर्रऽऽ' असा लांब, घसरत जाणारा सूर, आणि शेवटी तीन छोटे 'ये, ये, ये'. आवाज मोठा नव्हता. कोपऱ्यातली झोंबाझोंबी थांबली. कान वळले. एका म्हाताऱ्या मेंढीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ओल्या फरशीवर खूर ठेवला. तिच्यामागून दुसरी आली, मग सगळी आली. त्याच्या मांडीला घासत अडतीस मेंढरं आत गेली, दिवस मावळताना घरी निघाल्यासारखी.

"इसकू बोलते हुनर," नईमभाई म्हणाले. "जनावर बी राजी, आदमी बी राजी."

रामप्रसादने दार ओढून घेतलं, हौदावर गेला आणि तीनदा चूळ भरली. हे तो रोज करत असे. कुणी विचारलं तर सांगे, तंबाखू.

या कामाला त्याला अकरा वर्षं झाली होती. कन्नडच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती. वडील आप्पा, आई राजाबाई आणि चाळीस-पन्नास मेंढरं. पाठीला पाठ लावून दोन वर्षं चराई आटली, तेव्हा तो बायकोला, रत्नमालाला, घेऊन शहरात आला आणि ओळखीने कत्तलखान्यात रोजंदारीवर लागला. गाडीतून जनावरं उतरवायची, पाणी पाजायचं, निवारा झाडायचा, एवढंच काम होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मेंढरांचं असंच एक खांड दारात अडलं. माणसं काठ्या घेऊन आली. एका मेंढीचं शिंग मुळातून हललं आणि रक्त आलं. ते बघवेना म्हणून रामप्रसादच्या तोंडून हाळी गेली. त्याने ती ठरवून दिली नव्हती. पण मेंढरं बहुतेक याच पट्ट्यातली, कन्नडची, फुलंब्रीची. लहानपणापासून अशीच हाळी ऐकून पाण्यावर आणि घरी गेलेली. ती मुकाट आत गेली. दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला नावाने हाक मारून बोलावलं. त्या दिवशी मात्र त्याने हाळी ठरवून दिली.

डॉक्टर मनस्विनी चार वर्षांपूर्वी इथे आल्या. जनावरं तपासायची आणि दाखला द्यायचा हे त्यांचं काम. डबा त्या आपल्या गाडीत बसून खात. घरी सासूबाईंना त्या 'ऑफिसला जाते' एवढंच सांगतात, असं त्यांच्याच तोंडून एकदा निसटलं होतं. रामप्रसादची हाळी पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी त्यांनी वही काढून टिपून घेतलं.

"एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, असं नियमातच आहे," त्या म्हणाल्या होत्या. "त्यासाठी मधे भिंत घातली. पण भीती भिंतीने जात नाही हो. तुमच्या आवाजाने जाते. तुम्ही त्यांच्यावर उपकार करता."

"व्हय, मॅडम," रामप्रसाद म्हणाला.

मग त्यांनी मोबाईल काढला. दुसऱ्या गावच्या लोकांना शिकवायला हाळी रेकॉर्ड करून घेऊ म्हणाल्या. अकरा वर्षांत त्याने फक्त या एका गोष्टीला नाही म्हटलं.

"मोबाईलात नगं."

"का? चेहरा नाही घेणार. फक्त आवाज."

"आवाजच नगं, मॅडम."

कारण त्याने त्यांना सांगितलं नाही. रत्नमालाला ते न सांगता माहीत होतं.

आप्पांच्या घरची एक रीत होती. मेंढरं विकायला त्यांची ना नव्हती. त्यावरच घर चालत होतं. गावच्या जत्रेत बोकड पडला तर आप्पा पहिल्या पंगतीला बसत आणि नळी फोडून मागत. पण व्यापारी दारात आला की घरातल्या कुणीही हाळी द्यायची नाही. त्याने मेंढरात शिरावं, हवं ते जनावर पायाला धरावं, उचलून न्यावं. जनावर ओरडलं तरी चालेल, पळालं तरी चालेल. रामप्रसाद सात-आठ वर्षांचा असताना एकदा एक मेंढा व्यापाऱ्याच्या हातून सुटून बांधापलीकडे गेला. मदत म्हणून पोराने हाळी दिली आणि मेंढा परत आला. व्यापारी गेल्यावर आप्पांनी त्याला ओल्या फोकाने मारलं होतं. मारून झाल्यावर शेजारी बसवून सांगितलं होतं, "आपण हाक मारली की त्यांना वाटतं पाणी हाय, मीठ हाय, घर हाय. त्यो आपला शबूद असतो. सुरीला बोलवायला त्यो न्हाई वापरायचा. धरून न्या, त्यात खोटं न्हाई."

म्हणून रामप्रसादने घरी सांगितलं होतं की तो पाणीपुरवठ्यात आहे, व्हॉल्व्ह सोडायचं काम करतो. कत्तलखान्याचं नाव सांगायला त्याला भीती नव्हती. आप्पा म्हणाले असते, काम हाय, कर. पण पुढे विचारलं असतं, तिथं तू काय करतो?

वस्तीवर हे खोटं चांगलं रुळलं होतं. चुलतभाऊ बद्रीनाथ दर खेपेला म्हणे, "काय रामा, शहरात आठ-आठ दिवस पाणी नाय म्हंत्यात. तू झोपा काढतो का तिथं?" आणि सगळे हसत. रामप्रसादही हसे.

ती अडतीस मेंढरं आत गेली त्या दिवशी दहाच्या सुमाराला रत्नमालाचा फोन आला.

"ऐकलं का, डॉक्टर राउंडला येऊन गेले. आज सोडत्यात आप्पांना. मी बसले इथंच. तुमी या."

एकोणीस दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्यात आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ स्वरयंत्रावर होती. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कागदावर अंगठा देताना आप्पांनी एकदाच विचारलं होतं, "थोडा बी न्हाई ऱ्हायचा?" ते त्यांचं शेवटचं वाक्य ठरलं. आता गळ्याच्या खळगीत एक भोक होतं, त्यावर पांढरी जाळीची पट्टी, आणि श्वास तिथून येत-जात होता.

दुपारच्या एसटीत रामप्रसादने त्यांना खिडकीपाशी बसवलं. रत्नमालाला कामावर जायचं होतं म्हणून ती मागे राहिली. खुलताबादचा चढ लागला तेव्हा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून विचारलं, "बाबा, कुठलं गाव?" आप्पांनी तोंड उघडलं. नुसती हवा भोकातून बाहेर आली, पट्टी हलली. त्यांनी तोंड मिटलं आणि मुलाकडे बोट केलं.

"कन्नडच्या अलीकडं," रामप्रसाद म्हणाला.

"बोलत न्हाईत का?"

"न्हाई. ऑपरेशन झालं."

पुढचा सबंध रस्ता आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं.

वस्तीवर पोचले तेव्हा चार वाजले होते. राजाबाई अंगणात वाट बघत होती. तिने आप्पांच्या गळ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला, मग लगेच काढला आणि म्हणाली, "वाळले लई. चला, बसा. च्या ठेवते." जाळीच्या वाघुरीत मेंढरं कोंडलेली होती. आप्पा नाहीत तर ती मोकळी सोडायची सोय नव्हती. पहिल्या आठवड्यात बद्रीनाथने सोडून पाहिली. ती डोंगरावर गेली आणि त्याच्या ओरडण्याला एकही वळलं नाही. दोन दिवस शोधून गोळा केली, त्यात दोन लांडग्याने नेली. तेव्हापासून राजाबाई पाला तोडून आणून जाळीत टाकत होती.

"हातांनी किती दिस पुरवणार?" बद्रीनाथ चहा घेताना म्हणाला. "आप्पा, राग नगा मानू. माझं मी बघू का तुमचं? व्यापाऱ्याला सांगून ठेवलं मी. परवा येतो म्हणतो. सगळी घेतो, एकरकमी."

"कोण व्यापारी?" रामप्रसादने विचारलं.

बद्रीनाथने नाव सांगितलं. त्या माणसाची गाडी रामप्रसादला नंबरासकट माहीत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती कत्तलखान्यात येई. परवा इथून निघालेली मेंढरं शनिवारी सकाळी सहा वाजता त्या ओल्या फरशीसमोर उभी राहणार होती आणि मुकादम त्याला नावाने हाक मारणार होता.

आप्पांनी हात हलवून काहीतरी सांगितलं. गळ्याकडे बोट, मग बाहेर.

"तंबाखू मागू राहिले," राजाबाई म्हणाली.

आप्पांनी रागाने मान हलवली. उठले. रामप्रसादपाशी आले. आधी स्वतःच्या गळ्यावरच्या पट्टीवर बोट ठेवलं, मग तेच बोट मुलाच्या गळ्यावर ठेवलं आणि वाघुरीकडे पाहिलं. आता ते कुणालाही समजलं असतं.

"हे म्हंत्यात ते खरं हाय," राजाबाई म्हणाली. "तू हितं असताना लोक फसायचे तुमच्या दोघांच्या आवाजाला. सोडून तर बघ, रामा. तुझं ऐकलं तर इकायची कशाला?"

"माय, लई दिस झाले."

"झाले तर झाले."

वाघुरीचं तोंड उघडलं. इतके दिवस कोंडलेली मेंढरं धूळ उडवत उतारावर गेली, बांध ओलांडून टेकाडापर्यंत पसरली. आप्पा बाजेवर बसले होते. त्यांनी त्यांना पाऊण तास चरू दिलं. ऊन उतरलं तेव्हा त्यांनी मुलाकडे बघून हनुवटी हलवली.

रामप्रसाद अंगणाच्या टोकाला गेला. त्याच्या मनात आलं की मुद्दाम चुकीची हाळी द्यावी. आवाज बसला म्हणावं. पण मग परवा गाडी येईल. तो वाकला, जीभ टाळूला लावली आणि दिली.

टेकाडावरची शेवटची मेंढी आधी थांबली. मग सगळ्यांचे कान वळले. एकेचाळीस मेंढरं उतार उतरून यायला लागली, आणि ती कशी येणार हे रामप्रसादला पावलापावलाला आधीच कळत होतं: म्हातारी पुढे, मान वर, मागची तिच्या शेपटाला चिकटून, घाई नाही. ती आली. त्याच्या मांडीला घासून पुढे जायला लागली. नकळत त्याचा हात दार ओढायला मागे गेला. मागे दार नव्हतं.

"घ्या," बद्रीनाथ म्हणाला. "म्हंजे व्यापाऱ्याला फोन करून नाय म्हणावं लागतंय."

राजाबाई हसत होती, रडतही होती. आप्पा बाजेवरून उठून आले आणि त्यांनी मुलाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्यांच्या गळ्यावरची पट्टी भराभर हलत होती. एकोणीस दिवसांत त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. मग त्यांनी मनगट न सोडता एका हाताने खुणा सुरू केल्या: शहराच्या दिशेला बोट, पाचही बोटं दोनदा, पुन्हा गळा, आणि पंजा उलटा करून प्रश्न.

"काय म्हंत्यात?" बद्रीनाथने विचारलं.

"म्हंत्यात, दहा-अकरा वरसं शहरात," राजाबाई म्हणाली, "हाळी रोज दिली न्हाई तर बसते, आणि याची तर पयल्यापेक्षा बी गोड झाली. कामून?" आणि तिने आपली भर घातली, "पाण्याच्या नळाला हाळी देतो का काय रे?"

बद्रीनाथ मोठ्याने हसला. आप्पाही हसले, त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. रामप्रसादही हसला असता तर ते तिथेच संपलं असतं. हसायला त्याने तोंड उघडलंही होतं.

"मी पाण्याकडं न्हाई, आप्पा," तो म्हणाला. "कधीच नव्हतो. कत्तलखान्यात हाय."

आप्पांनी खांदे उडवले आणि हात हवेत झटकला. बरं मग? काम हाय. मनगट त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मग त्यांची भुवई वर गेली, जशी जाईल असं अकरा वर्षं रामप्रसादला वाटत आलं होतं.

"दारापाशी असतो. मेंढरं आत जात न्हाईत. वासानं अडत्यात. लोक मारत्यात मंग, पाय वढत्यात. शिंगं मोडत्यात." तो थांबला. "मी हाळी देतो."

मेंढरं त्यांच्याभोवती उभी होती. एक मेंढी रामप्रसादचा शर्ट चघळायला लागली.

"रोज?" राजाबाईने विचारलं.

"रोज."

"बरं, मारण्यापरीस बरं ना ते," ती घाईघाईने म्हणाली. "मुकी जनावरं. भ्याली तर न्हाईत. तिथली डाक्टरीण बी म्हणत असंल—"

"म्हंते."

आप्पांनी मनगट सोडलं. झटकून नाही, हळू. रामप्रसाद फोकाची वाट बघत होता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, त्याने खांदे आवळून घेतले होते. आप्पा बाजेवर जाऊन बसले आणि मेंढरांकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने बद्रीनाथने विचारलं, "मंग व्यापाऱ्याला काय सांगू?"

आप्पांनी तळहात आडवा फिरवला. नाही.

"म्हंजे रामा ऱ्हाणार हितं? हाळी द्यायला?"

आप्पांनी तळहात पुन्हा तसाच आडवा फिरवला. मग स्वतःच्या छातीवर दोनदा थोपटलं.

"तुमी कशी देणार?" बद्रीनाथ म्हणाला.

जेवताना राजाबाईने दोघांची ताटं शेजारी-शेजारी वाढली. आप्पांना दूध-भाकरी कुस्करून दिली होती. त्यांनी ती खाल्ली, ताट धुतलं आणि बाज अंगणात ओढून मेंढरांकडे तोंड करून आडवे झाले.

सकाळी रामप्रसाद उठला तेव्हा आप्पा खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन वाघुरीपाशी उभे होते. कमरेला मिठाची पिशवी होती. त्यांनी जाळी बाजूला केली. मेंढरं बाहेर आली आणि अंगणात थांबली. डोंगराची वाट डावीकडे होती. आप्पा त्या वाटेवर चार पावलं जाऊन वळले, वाकले, आणि त्यांनी तोंड उघडलं. गळ्यातून हवा आली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मेंढरं हलली नाहीत. ती रामप्रसादकडे तोंड करून उभी होती.

तो दारात पिशवी घेऊन उभा होता. साडेसातची एसटी धरायची होती. त्याने हाळी दिली असती तर मेंढरं दोन मिनिटांत वाटेला लागली असती. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून मूठभर मीठ काढलं, पहिल्या मेंढीच्या तोंडासमोर धरलं आणि तिला दहा पावलं नेलं. मग परत येऊन दुसरीला. दुसरी येईपर्यंत पहिली मागे फिरून दाराकडे यायला लागली होती.

राजाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. "रामा," ती न वळता म्हणाली, "मेंढरांना तू दिसू राहिला."

रामप्रसाद पिशवी घेऊन घराच्या मागे गेला. तिथे भिंतीला टेकून खाली बसला. पलीकडे खूर वाजत होते, थांबत होते, पुन्हा वाजत होते. मधेच टाळ्या. किती वेळ गेला हे त्याने पाहिलं नाही. रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला. हळूहळू खुरांचा आवाज एका दिशेला सरकायला लागला. त्याच्या घशात खोकला आला. तेवढ्या आवाजानेही ती वळली असती. त्याने रुमालाचा बोळा तोंडात धरला आणि शेवटचं मेंढरू बांधापलीकडे जाईपर्यंत तसाच बसून राहिला.